दगडावरची नदी

नदीची पहिली ओळख तळपायांना होते. डोळ्यांना पाणी दिसते, कानांना त्याची खळखळ ऐकू येते. पण मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी, पूर ओसरून पाणी नितळले असताना भीमेच्या उथळ पात्रात उतरावे, एका काळ्या दगडावर पाऊल ठेवावे, ते जरासे निसटावे, पोटात क्षणभर गोळा यावा, काठच्या बाभळी आभाळासकट तिरप्या व्हाव्यात, आणि तोल सावरता सावरता अंगठ्याखाली जे लागते ते धड पाणी नसते आणि धड दगडही नसतो. गार. मऊ. जिवंत.

‘शेवाळंय, बघून!’ काठावरून कुणीतरी ओरडते. पिढ्यान्‌पिढ्या या थराची आपली ओळख एवढीच, सावधगिरीच्या हाकेपुरती. घाट घासायचे, पायऱ्यांना चुना टाकायचा, हौद रिकामा करून काथ्याने खरवडायचा. खरवडलेले ते कुठे गेले, हे कुणी पाहत नाही.

तो दगड उचलून उन्हात धरला, की त्याच्या पाठीवर एक अख्खा मुलूख ओलसर चमकू लागतो. कडेला गर्द हिरवा, मधे सोनेरी तपकिरी, खोबणीत निळसर काळा. आणि ऊन चढत जाते तसे त्या तपकिरीतून इवलेइवले बुडबुडे फुगतात, काही वेळ दगडाला धरून राहतात आणि सुटतात. तो प्राणवायू असतो. आपण काठावर बसून जो श्वास घेतो त्यातला एक कण कदाचित आत्ताच त्या दगडावरून उठलेला असतो, आणि आपण मात्र पाण्याच्या आवाजाला दाद देत असतो.

विज्ञान या थराला जैवपटल म्हणते. प्रयोगशाळेतली मुले सरळ बायोफिल्म म्हणतात. पूर येऊन जातो, दगड घासून निघतो, कोरा होतो. मग काही वेळातच पाण्यात भरकटणारा एखादा जीवाणू त्या कोऱ्या पाठीला टेकतो. आधी नुसताच टेकतो, प्रवाहाचा हिसका बसला तर सुटूनही जातो. पण टिकला, तर शर्करांचा नि प्रथिनांचा एक चिकट रस स्वतःभोवती पाझरतो आणि त्या रसात स्वतःला रुजवून घेतो. त्याच्या आधाराने दुसरा येतो, तिसरा येतो. सायनोबॅक्टेरिया येतात, सिलिकेचे पारदर्शक कवच ल्यालेले डायटम येतात, बुरशीचे तंतू येतात, आणि या सगळ्यांवर चरणारे आदिजीवही मागोमाग येतात. नखाहून पातळ अशा त्या जाडीत वरच्या मजल्यावर लख्ख दुपार असते आणि तळाशी प्राणवायू नसलेला काळोख. मधून पाण्याच्या सूक्ष्म वाटा गेलेल्या असतात. एकाने टाकलेला अमोनिया दुसऱ्याचे अन्न, त्याने घडवलेले नायट्राइट तिसऱ्याचे, आणि तळातला कुणी एक नायट्रेट फोडून नायट्रोजन मोकळा करतो, जो पुन्हा आभाळात जातो. कुणी कुणाला ओळखत नाही, पण कुणाचेही एकट्याने भागत नाही.

१९७८ मध्ये विल्यम कॉस्टर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवाणू चिकटतात कसे यावर एक गाजलेला लेख लिहिला. तोवर जीवाणू म्हटले की बाटलीतल्या रसात मोकळे पोहणारे जीव डोळ्यांसमोर येत. त्यांचे म्हणणे असे, की निसर्गात पोहत हिंडणारे थोडे. बहुतेक सारे कशाला ना कशाला धरून असतात.

मला हे वाचून फार बरे वाटले होते. नदी म्हणजे प्रवाह, नदी म्हणजे सतत पुढे जाणे, एकाच पाण्यात दोनदा उतरता येत नाही वगैरे तत्त्वज्ञान ऐकून ऐकून कान किटले आहेत. पाणी तर पाहुणे. ते भीमाशंकरहून निघते, पुण्याचे पाणी पोटात घेते, उजनीत विसावते, पंढरपूरला चंद्रकोरीसारखे वळण घेऊन चंद्रभागा म्हणवून घेते, आमच्या सोलापूर जिल्ह्याची वेस ओलांडून कर्नाटकात शिरते आणि कृष्णेला मिळून जाते. या सगळ्या जाण्यात राहणारे कोण? ज्यांच्या अंगावरून अख्खी भीमा गेली आणि जे तसूभर हलले नाहीत, ते या दगडांच्या पाठीवर आहेत. याच नदीच्या काठी एक देव कमरेवर हात ठेवून विटेवर उभा आहे, आणि लाखो माणसे शेकडो मैल चालत येतात ती त्या उभे राहण्याला भेटायला. वाहत्याच्या शेजारी उभे राहण्याची ही ओढ आमच्या मातीतच असावी.

सूक्ष्मजीव पहिल्यांदा नीट पाहिले ते एका कापडवाल्याने, हेही सोलापूरकराला सुखावणारे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक. कापडाचा पोत पाहायला, सूत मोजायला त्या धंद्यात भिंग लागायचे. त्याचे भिंग मात्र कापडावर थांबले नाही. १६८३ च्या सप्टेंबरात त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्या दातांवरच्या पांढुरक्या थरात वळवळणारे जीव पाहिल्याचे कळवले. दातांवरचा तो थर आणि भीमेतल्या दगडावरचा हा थर, जात एकच. आपल्या पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात चादरीचा काठ बोटांत धरून सूत निरखणारा म्हातारा विणकर पाहिला, की मला त्याच्या जागी तो डेल्फ्टचा माणूस दिसू लागतो. नजर तीच असते. अविश्वासू आणि प्रेमळ.

हत्तरसंग कुडलला सीना भीमेला मिळते. गेल्या हिवाळ्यात ओळखीच्या एका मुलीबरोबर मी तिथे गेलो होतो. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, आणि तिच्या पिशवीत थर्मासच्या पेटीत बर्फ, नळ्या, हातमोजे आणि नवेकोरे टूथब्रश होते. मला वाटले होते काहीतरी महागडे यंत्र निघेल. तिने पाण्यातून एक दगड अलगद काढला, ट्रेमध्ये ठेवला आणि लहान बाळाचे दात घासावेत इतक्या हलक्या हाताने ती तो घासू लागली. वरून निर्जंतुक पाण्याची बारीक धार. ट्रेमध्ये हळूहळू एक गढूळ, तपकिरी-हिरवे पाणी जमत गेले.

शेजारी कपडे धुणाऱ्या एका बाईने धोपटणे थांबवले. ‘काय खरवडालीस गं पोरी?’

‘शेवाळ नेतेय, मावशी.’

‘शेवाळ न्यायला सोलापूरहून आलीस? आमच्या हौदात बी लई हाय की!’

मुलगी हसली, पण तिने लगेच विचारले, ‘हौदात पाणी कुठलं भरता, मावशी?’ आणि दोघींचे पाण्यावर बोलणे सुरू झाले: विहिरीचे, बोअरचे, नदीचे, टँकरचे. कुठल्या पाण्यात शेवाळ लवकर धरते, कुठल्यात हिरवे येते, कुठल्यात काळे, उन्हाळ्यात कसला वास येतो, हे त्या बाईला बारीकसारीक ठाऊक होते. मुलीने दगड तसाच ठेवून वही काढली.

‘काका, बर्फ बघा हो,’ ती मधेच म्हणाली. बर्फ वितळला तर त्या नळीतले जीव जगत राहतील, वाढतील, एकमेकांना खातील, आणि सकाळच्या भीमेऐवजी संध्याकाळच्या नळीची गोष्ट हाती येईल. क्षण गोठवायला खरोखरच गोठवावे लागते.

पुढचे सारे मी प्रयोगशाळेत, खुर्चीत बसून, कशालाही हात न लावता पाहिले. नळीत बारीक मणी टाकून ती यंत्रावर हादरवतात, पेशींच्या भिंती फुटतात, आतला डीएनए बाहेर येतो. कुणाचा कुठला, हे आता ओळखू येत नाही. सगळ्या दगडाची सूत्रे एकाच थेंबात मिसळलेली. मग त्या गर्दीतून एकच जनुक निवडून त्याच्या प्रती काढतात: १६-एस नावाचे, सुमारे दीड हजार अक्षरांचे. पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या कारखान्याच्या एका सुट्या भागाचा तो आराखडा, म्हणून प्रत्येक जीवाणूकडे असतोच. काही ओळी सगळ्यांत जवळपास सारख्या आणि काही ओळी ज्याच्या त्याच्या. सारख्या ओळींवरून जनुक सापडते, वेगळ्या ओळींवरून धनी कळतो.

मला समजले ते चादरीमुळे. जकार्डच्या मागावर डोक्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरत असते. पत्त्याला भोक असले तर ताण्याचा धागा उचलला जातो, नसले तर खालीच राहतो, आणि नुसत्या भोक-नाही-भोक अशा मुक्या हिशेबातून मोर उमटतात, वेली उमटतात. चादर हरवली आणि पत्ते उरले, तरी जाणकाराला नक्षी सांगता येते. त्या संगणकाच्या पडद्यावर ए, टी, जी, सी या चारच अक्षरांच्या ओळी खाली खाली सरकत होत्या, हजारो, न संपणाऱ्या, स्वल्पविराम नाही की दंड नाही. मी पत्ते पाहत होतो. चादर भीमेत होती.

हे वाचन ज्याने शिकवले तो कार्ल वूझ. इलिनॉयमध्ये वर्षानुवर्षे तो उजेडाच्या टेबलावर फिल्मा पसरून त्यांवरचे काळे ठिपके न्याहाळत बसे. रेणूंच्या तुकड्यांचे ते ठसे. १९७७ मध्ये जॉर्ज फॉक्सबरोबर त्याने जाहीर केले, की मिथेन घडवणारे काही सूक्ष्मजीव दिसायला जीवाणूंसारखे असले तरी त्या घराण्यातले नाहीतच. जीवसृष्टीची एक तिसरीच शाखा आपल्या पायाखाली होती. आर्किया. भीमेच्या डोहातल्या काळ्या गाळात काठी खुपसली की जे बुडबुडे वर येतात त्यांच्यामागे त्याच घराण्यातली मंडळी असतात. लहानपणी आम्ही ते बुडबुडे काढायचो आणि आत भूत आहे म्हणायचो. फार चुकत नव्हतो.

या पद्धतीआधी जीवाणू ओळखायचा तर तो थाळीत वाढवावा लागे. पण सूक्ष्मदर्शकाखाली शंभर दिसले तर थाळीत जेमतेम एखादा वाढतो. उरलेल्यांना आपले अन्न, आपली ऊब, आपली घाई मानवत नाही. म्हणून अशा वाचनाच्या शेवटी जी यादी तयार होते, तिच्यात ओळखीच्या नावांच्या अधेमधे एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. अवर्गीकृत. अवर्गीकृत. अवर्गीकृत. कुळ कळते, गोत्र कळत नाही. गोत्र कळले तर नाव नसते. मुलगी ही यादी वर-खाली करत होती आणि त्या शब्दाशी आली की तिचा आवाज मऊ होत होता.

कुडलच्या त्याच संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि त्यात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख. सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. हे जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे आश्वासन त्या दगडावर आहे. कुणी कोरले असेल, कुणासाठी, वाचता येणारे त्या काळी किती असतील कोण जाणे. पण हजार वर्षांपूर्वीच्या कुणा मराठी माणसाला वाचणाऱ्याविषयी इतकी माया वाटली, की त्याने विजय वाचणाऱ्याला देऊन टाकला. देवळात दगड वाचणारे होते, आणि पायऱ्यांच्या खाली, पाण्यात, त्याहून कितीतरी जुन्या लिपीतले दगड पडून होते, कुणी वाचायची वाट न पाहता.

तिथेच ते बहुमुखी शिवलिंगही आहे. एका शिळेवर ३५९ मुखे. रांगेवर रांग, प्रत्येकाचे डोळे निराळ्या दिशेला, ओठांवर अगदी बारीक निराळेपण. कुडलला येणारी माणसे ती मोजू लागतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत चुकतात. मी मोजली नाहीत. मी हात लावला; दगड ओलसर होता, आणि मुखांच्या मधल्या खाचेत हिरवट काहीतरी धरू लागले होते.

भीमेचे दुखणे मला लिहायचे नव्हते, पण दगड वाचायला घेतला की ते वगळता येत नाही. मुळा-मुठेने आणलेले पुण्याचे सांडपाणी भीमेत उतरते आणि उजनीत साचते. १९८० मध्ये पुरे झालेले हे धरण, ११७ टीएमसी पोटाचे, त्यातले ६३ टीएमसी कायमचे तळाशी. उन्हाळ्यात त्या पाण्यावर हिरवा तवंग येतो. तेच पाणी नदीतून आणि जलवाहिनीतून सोलापूरला येते, आमच्या नळाला काही दिवसांआड, आणि पहिले दोन हंडे आम्ही सोडून देतो. त्याच जलाशयाच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या पंखांतली लाली त्यांच्या अन्नातून आलेली, शेवाळांनी नि सूक्ष्मजीवांनी घडवलेली. एकाच पाण्याने एकीकडे पंख रंगतात आणि दुसरीकडे हंडे ओतले जातात. नदी हिशेब ठेवत नाही. तिचा दगड ठेवतो.

२०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थात गोदावरीतल्या पाच ठिकाणच्या पाण्याचे असेच जनुकीय वाचन झाले होते. स्नानांच्या काळात पाण्यातले जीवाणू सुमारे १३० पटींनी वाढले, त्यांची विविधता मात्र ३७ टक्क्यांच्या आसपास घटली. नव्याने आलेले बहुतेक माणसांच्या अंगावरचे. संख्या वाढली आणि जाती कमी झाल्या. गर्दीचे हे व्याकरण सगळीकडे सारखेच दिसते.

आषाढीच्या चंद्रभागेचा विचार माझ्या मनात आपोआप येतो, पण बोट दाखवायला धजावत नाही. आळंदीहून, देहूहून, पैठणहून दिवसच्या दिवस चाललेली ती पावले, त्यांच्या भेगांत गावोगावची धूळ, खांद्यावर पताकेचा घट्टा, कपाळावर घामात उतरलेला बुक्का. हे सगळे अंग नदीत उतरते, डोळे मिटते, नाक दाबून तीन बुड्या मारते. प्रत्येक बुडीबरोबर त्वचेवरची एक अदृश्य वस्ती पाण्यात सुटते. नदीला आपण आपले पाप देतो असे म्हणतात. आपण तिला आपले शेजारी देतो, हे मला जास्त खरे वाटते. द्वादशीनंतर वाळवंट रिकामे होते, आणि पुंडलिकाच्या देवळाभोवतीच्या दगडांवरचे मूळ रहिवासी पुन्हा जागा धरू लागतात. किती परत येतात? हे सांगायला एकदा वारीच्या आधी, एकदा नंतर आणि एकदा कार्तिकात तोच दगड वाचावा लागेल. त्यासाठी टूथब्रश घेऊन कुणीतरी कायम काठावर हवे. नदी सुशोभित करायला आपल्याकडे पैसे निघतात. नदी वाचायला निघत नाहीत, हे माझे जुने रडगाणे.

आणि दुष्काळ. उजनी खाली जाते, तेव्हा पळसदेवचे बुडालेले देऊळ पाण्याबाहेर येते. लोक मोटारी काढून पाहायला जातात. मीही गेलो. सगळे शिखर पाहत होते; मी पायथ्याचा एक दगड पाहत होतो, ज्यावरचा थर वाळून राखाडी पापुद्रा झाला होता आणि बोट लावताच भुगा होत होता. मेलेले वाटत होते सारे. पण त्या भुग्यात कुणी बीजाणू होऊन पडलेले असते, कुणी चिकट रसाच्या कवचात पाण्याचा शेवटचा अंश धरून असते. खाली भीमेतही तेच. वैशाखात पात्र उघडे पडते, वाळू उपसून झालेल्या खड्ड्यांच्या कडांवर नुसते तापलेले कातळ उरतात. मग आवर्तन सुटते. पाण्याची पहिली जीभ धूळ ढकलत, काटक्या वाहत, फेसाळत येते, दगड ओला होतो, आणि त्या राखाडीतून काही तासांतच हिरवा उमटू लागतो. बी कुणी पेरले नव्हते. ते तिथेच होते.

१९९० मध्ये सारगासो समुद्राच्या पाण्यात एका अनोळखी जीवाणूच्या जनुकाच्या अशाच काही ओळी वाचल्या गेल्या. पुढे त्या जगातल्या सगळ्या समुद्रांत सापडत राहिल्या. पण तो स्वतः कुणाच्या थाळीत यायला तयार होईना. बारा वर्षे तो नुसता मजकूर होता. २००२ मध्ये ऑरेगनच्या संशोधकांनी त्याला आयते, सकस अन्न देण्याचा नाद सोडला आणि समुद्राचेच पाणी निर्जंतुक करून त्यात वाढू दिले. तेव्हा तो आला.

ही गोष्ट मला त्या मुलीनेच सांगितली, यादीतल्या अवर्गीकृतांकडे पाहत. पुढच्या खेपेला ती कुडलहून पाण्याचे दोन मोठे कॅन भरून घेऊन आली. ते गाळले, त्यात थिजण्यापुरते अगर घालून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केले, थाळ्या ओतल्या आणि दगडावरचे ते तपकिरी पाणी थेंबाथेंबाने त्यांवर पसरले. मांसाचा अर्क नाही, साखर नाही. भीमेतल्यांना जेवायला भीमा.

‘किती दिवस लागतील?’ मी विचारले.

‘सवयीचे असतात ते उद्याच दिसतील, काका. ते सगळीकडेच येतात,’ ती थाळ्यांवर तारीख घालत म्हणाली. ‘मला हवेत ते फार सावकाश वाढतात. होळीपर्यंत तरी हा डबा कुणाला उघडू देणार नाही.’

मग तिने डब्यावर लाल शाईने तसे लिहिलेच, आणि खाली आणखी एक ओळ: साफसफाईवाल्या मावशींनी कृपया हे धुऊ नये.